पावसाच्या तोंडावर जीपचा टप बदलताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना उतरणीला लागला की थार, जिप्सी आणि जुन्या महिंद्रा जीपवाल्यांची गॅरेजमध्ये रांग लागते. मागणी एकच: कापडी हूड काढा, फायबरचा टप बसवा, आणि तोही रविवारच्या आत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यातल्याच काही गाड्या परत येतात. पायाखालची मॅट भिजलेली आणि काचेच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब थेंब गळती. दोष बहुतेक वेळा बसवण्यात असतो, टपात क्वचित. शिवाय कागदपत्रांचा एक प्रश्न असतो, तो कोणी विचारतच नाही. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी चालवून घ्यावे.

टप बदलणे प्रत्येक गाडीला सारखे सोपे नसते. जीप रँग्लर अमेरिकेत घेणारा गिऱ्हाईक हार्ड आणि सॉफ्ट असे दोन्ही टप एकदमच मागवू शकतो, कारण गाडीची बांधणीच त्या हिशेबाने केलेली आहे. हार्ड टॉपचे तीन भाग असतात. पुढचे दोन सुटे पॅनल हाताच्या खिट्ट्या फिरवून निघतात आणि मागचा मोठा तुकडा बोल्ट काढून उचलायचा. त्यासाठी लागणारे टी-५० आणि टी-४० मापाचे चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स बिट गाडीबरोबरच्या पिशवीत येतात. ही गाडी २०२१ पासून आपल्या रांजणगावात जुळवली जाते. नाशिकच्या थारचा मामला वेगळा आहे. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली तेव्हा हार्ड टॉप, घडी होणारा सॉफ्ट टॉप आणि एएक्स या प्रकारात न उघडणारा कापडी टप असे पर्याय होते, पण ते गाडी बुक करतानाच निवडायचे होते. वर्षातून दोनदा अदलाबदल करण्याचा विचार त्यामागे नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या थार रॉक्सचा टप कायमचा आणि धातूचा आहे, तिथे विषयच संपतो. २०१० ची जुनी थार आणि त्याआधीच्या एमएम ५४० सारख्या गाड्यांना मूळ हूड कापडीच असे. त्यांच्यावर दिसणारे फायबरचे टप बहुतेक कंपनीबाहेर बनवलेले आहेत.

माझे मत आधीच सांगतो. थारवाल्याने टप बदलण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये. आपल्याकडे उघड्या गाडीचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच. त्याआधी पाऊस, त्यानंतर ऊन. घरात एकच गाडी असेल, ती रस्त्यावर उभी राहत असेल किंवा कोकणात आणि घाटात फिरणार असेल, तर बुकिंगलाच हार्ड टॉप घ्यावा. सॉफ्ट टॉप दुसऱ्या गाडीसाठी ठीक आहे, तेही पार्किंगला छप्पर असेल तर. आणि सॉफ्ट टॉप घेतलाच असेल तर त्याची निगा ठेवावी. रबर आणि शिवण शाबूत असलेला कापडी टप पावसात टिकतो. लोक टप बदलायला निघतात ते खरे तर खराब झालेल्या शिवणीमुळे आणि पिवळ्या पडलेल्या खिडक्यांमुळे. तो खर्च नव्या टपाच्या मानाने किरकोळ आहे.

एक गैरसमज सर्रास आढळतो की हार्ड टॉपने गाडी उलटली तरी माणसे वाचतात. वाचवतो तो रोल केज, म्हणजे गाडीच्या आतला लोखंडी नळ्यांचा सांगाडा, आणि सीटबेल्ट. टप कापडी असो की फायबरचा, उलटलेल्या गाडीचे वजन पेलणे हे त्याचे कामच नव्हे. त्यामुळे टप बसवताना दिव्यांसाठी किंवा स्पीकरसाठी केजला भोके पाडणारा कारागीर दिसला तर गाडी तिथून काढून घ्यावी. हार्ड टॉपवर सामान ठेवायचे असेल तर कॅरिअरचे पाय बॉडीवर किंवा केजवर टेकलेले हवेत. नुसत्या फायबरवर उभा केलेला कॅरिअर काही महिन्यांत जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे पाडतो.

तरीही बाहेरचा फायबरचा टप घ्यायचाच असेल तर रंग पाहण्याआधी तो उलटा करून पाहावा. चांगल्या टपात ४५० ग्रॅमच्या ग्लासमॅटचे निदान तीन थर असतात आणि जाडी तीन ते चार मिलिमीटर भरते. बोल्टची पट्टी पाच-सहा मिलिमीटरची हवी. नाण्याने ठोकत जावे. ठणठणीत आवाज एकसारखा आला पाहिजे, मध्येच भदभद वाजले तर थरांत हवा अडकली आहे. बोल्टच्या भोकात लोखंडी बुश घातलेला असावा, नाहीतर बोल्ट आवळला की फायबरच चेंगरते, पकड सैल होते आणि पुढच्या खेपेला आणखी आवळावे लागते. खालची पट्टी सरळ आहे का हे दोरी ताणून पाहावे. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त पोक असेल तर कुठलेही रबर ते भरून काढत नाही. बाजूच्या खिडक्यांत काळी अॅक्रिलिक शीट लावून काच म्हणून खपवतात, तीही तपासावी. गाडीला टफन्ड किंवा लॅमिनेटेड सेफ्टी ग्लासच लागते. कोपऱ्यात आयएस २५५३ चा शिक्का कोरलेला असतो आणि बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के, मागच्या काचेतून ७० टक्के उजेड आरपार जायला हवा. विदर्भातल्या गाडीला आतून सहा ते आठ मिलिमीटरचा बंद पेशींचा फोम चिकटवून घ्यावा. एकेरी फायबर चंद्रपूरच्या मे महिन्यात तव्यासारखे तापते, एसी बिचारा काय करणार.

आता प्रत्यक्ष अदलाबदल. कापडी टप उतरवण्याआधी गाडी अर्धा तास उन्हात उभी करावी. गारठ्यात कापड आणि प्लॅस्टिकच्या खिडक्या दोन्ही ताठ होतात आणि जोर लावला की चेन फाटते. आधी मागची खिडकी, मग बाजूच्या, शेवटी पुढच्या काचेच्या चौकटीवरच्या दोन खिट्ट्या. नव्या रँग्लरच्या कापडी टपात चेनच नाही, खिडक्या पट्टीत सरकवून बसवतात. तिथे घाईने वाकडी ओढली तर पट्टीचा काठ तुटतो. सॉफ्ट टॉपच्या कमानी, दारावरच्या पट्ट्या आणि मागच्या फाटकावरचा दांडा सगळे निघाले की प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी चिकटवावी. एकाच आट्याचे पण पाच मिलिमीटर लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेले की आतल्या बाजूला टेकतात. आपल्याला वाटते आवळले, आणि टप मात्र हलत राहतो. रिकामी झालेली भोके रबरी बुचांनी बंद करावीत. हे विसरल्यामुळे गळणाऱ्या गाड्या कमी नाहीत.

टबच्या, म्हणजे टप ज्यावर टेकतो त्या गाडीच्या पत्र्याच्या बॉडीच्या, काठावरचा जुना गोंद आणि माती पूर्ण काढून मगच नवे रबर लावावे. इथे सगळा खेळ आहे. पोकळ ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारे कृत्रिम) रबर घ्यावे, बारा मिलिमीटर उंचीचे असेल तर टप बसल्यावर ते आठ-नऊवर यायला हवे. पूर्ण चेपले गेले तर ते दगड होते, मग खड्ड्यातून जाताना टप उडतो आणि पाणी आत येते. कोपऱ्यावर रबर ताणून कधीच लावू नये. बसवताना छान दिसते, पण ताणलेले रबर महिन्याभरात मूळ लांबीवर येते आणि नेमकी कोपऱ्यात फट पडते. तुकडा एक सेंटिमीटर जास्त ठेवून कापावा, जोड एकच ठेवावा आणि तो मागच्या बाजूला मधोमध घ्यावा. रबर अखंड हवे म्हणून काही जण त्याऐवजी सिलिकॉनची नळीच रिकामी करतात. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज चढवते, आणि पुढच्या वेळी टप उचलताना रंगासकट निघते. शिवाय फायबर आणि लोखंड उन्हात सारखे फुगत नाहीत. दीड मीटर लांबीचा पत्रा ४० अंशांच्या फरकाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढतो, फायबर साधारण त्याच्या दुप्पट. रबर हा फरक गिळते, घट्ट चिकटवलेला सांधा फाटतो.

चार दारांच्या रँग्लरचा मागचा तुकडा सुमारे ६० किलोचा आहे. फायबरचे टप काचांसकट याच्याच आगेमागे भरतात. त्यामुळे चार माणसे हवीत, दोन नव्हे. उचलण्याआधी मागच्या कोपऱ्यातला वायरचा प्लग आणि काच धुणाऱ्या वॉशरची नळी सोडली आहे ना, हे एकाने बोट लावून पाहावे. नुसते विचारून भागत नाही. काचेच्या चौकटीवर आणि टबच्या काठावर मास्किंग टेपचे दोन थर लावावेत. टप खिडकीच्या चौकटीला धरून उचलू नये, खालच्या पट्टीला धरावे, आणि वरून सरळ खाली सोडावा. घासत पुढे सरकवला की रबर दुमडते आणि ते दुमडलेले दिसतही नाही.

टेकल्यावर पान्ह्याला हात लावायचा नाही. सगळे बोल्ट हाताने चार-पाच आटे फिरवून घ्यावेत. एखादा हाताने जात नसेल तर टप जागेवर नाही, सरकवून पुन्हा बघावे. एअर गनने तोच बोल्ट ढकलला की आटे गेले म्हणून समजा, आणि टबच्या आतला वेल्डचा नट एकदा फिरायला लागला की अस्तर काढून, पत्रा कापून तो दुरुस्त करावा लागतो. मग दोन्ही दारे लावावीत. दाराच्या मागच्या वरच्या कोपऱ्यात फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का पाहावी. पुढच्या खिट्ट्या किंवा बोल्ट अर्धे, मग मागचे कोपरे, मग मधले, असे समोरासमोर आवळत यावे आणि दुसऱ्या फेरीत पूर्ण करावेत. आठ मिलिमीटरचा बोल्ट लोखंडावर २० ते २५ न्यूटन-मीटर पेलतो, पण मध्ये फायबर आणि रबर असताना आठ ते दहा पुरे. टॉर्क पाना नसेल तर छोटे रॅचेट घेऊन मनगटाच्या जोरावर थांबावे. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा सगळे तपासावे, कारण रबर बसते आणि बोल्ट सैल पडतात.

मागच्या काचेला डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणाऱ्या गरम तारा) असेल तर तो दहा-पंधरा अँपिअर ओढतो. त्याची वायर पार्किंग लाइटच्या वायरीला पिळून जोडणे म्हणजे आगीला बोलावणे. अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि २० अँपिअरचा फ्यूज लागतो.

गळती शोधण्याचा साधा उपाय खडूचा आहे. रबराच्या वरच्या काठावर पांढरा खडू घासावा, टप बसवून पूर्ण आवळावा आणि परत उचलावा. फायबरवर उमटलेली पांढरी रेघ अखंड असेल तर रबर सगळीकडे टेकते. जिथे रेघ तुटते तिथे पाणी येणार. सगळे नीट वाटले की मग पाणी मारावे, पण खालून वर. पाच मिनिटे टबच्या काठावर, मग दाराच्या कोपऱ्यावर, मग पुढच्या काचेच्या वर आणि शेवटी टपावर. आत एक माणूस टॉर्च आणि टिश्यूपेपर घेऊन बसलेला हवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि आले कुठून ते कळत नाही. आणि पाण्याची साधी नळीच वापरावी, सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप नको. तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो. बहुतेक गळती सापडते ती काचेच्या चौकटीच्या दोन कोपऱ्यांत, कारण टप तीन-चार मिलिमीटर मागे बसलेला असतो. ते पाणी खांबातून उतरून पायाखाली निघते, म्हणून लोक फ्लोअरची भोके तपासत बसतात आणि वर कोणी पाहत नाही. खड्ड्यात करकर आवाज येत असेल तर रबराला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा. इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावले तर ईपीडीएम फुगते आणि काही दिवसांत लिबलिबीत होते.

कापडी टपाच्या निगेबद्दल थोडे. ओला टप घडी करून ठेवला की दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते नंतर निघत नाहीत. खिडक्यांचे प्लॅस्टिक कोरड्या फडक्याने पुसू नये. धुळीचे कण ओरखडे काढतात आणि रात्री समोरच्या गाडीचा लाइट त्यात फुटतो. भरपूर पाणी, सौम्य साबण, मऊ फडके. थिनर, पेट्रोल आणि अमोनियावाला काचेचा स्प्रे लांब ठेवावा. घडी घालताना दोन खिडक्यांमध्ये जुनी चादर घालावी. चेनला मेणबत्ती घासली तरी ती सुरळीत चालते. दापोली-गुहागरकडच्या गाड्यांनी समुद्रावरून आल्यावर चेन गोड्या पाण्याने धुवावी, नाहीतर खारी हवा धातूच्या चेनचा दात खाते. गळती शिवणीतून असेल तर कापड बदलण्याची गरज नसते. बाहेरून सीम सीलरचा, म्हणजे शिवणीची भोके बुजवणाऱ्या द्रावणाचा, एक हात आणि वाळल्यावर दुसरा, एवढ्याने पाणी थांबते. स्थानिक शिलाईवाल्याकडून नवा टप शिवून घ्यायचा असेल तर सुताच्या अस्तराचे स्वस्त रेक्झिन नको. ते पहिल्या पावसानंतर आकसते आणि खिट्ट्या लागेनाशा होतात.

काढलेला टप ठेवायचा कुठे, हा प्रश्न पुण्यातल्या सोसायटीत गाडी बदलण्यापेक्षा अवघड आहे. गच्चीवर उन्हात टाकलेला टप वाकतो. काचेवर आडवा ठेवला तर काच किंवा तिची चौकट जाते. चार पट्ट्यांवर छताला टांगणे सगळ्यांत बरे, नाहीतर चाकांच्या स्टँडवर उभा, खालच्या रबराला वजन लागू न देता. हार्ड टॉप म्हणजे निर्धास्त असेही समजू नये. फोर्डने २०२१ मध्ये नव्या ब्रॉन्को या जीपसारख्या गाडीवर बसवून दिलेले साच्यात रंगवलेले हार्ड टॉप सगळ्यांना बदलून देण्याची घोषणा केली होती, कारण पाणी आणि दमट हवेने त्यांचा पृष्ठभाग बिघडत होता. आपल्या किनाऱ्यावरची हवा त्याहून दयाळू नाही.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच पक्के केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे फक्त कागदावर राहिलेले नाही. २०२२ मध्ये श्रीनगरच्या न्यायालयाने एका थारमालकाला हार्ड टॉप, मोठे टायर, एलईडी दिवे आणि सायरन लावल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा सुनावली, आणि मग दोन लाखांच्या बंधपत्रावर प्रोबेशनवर सोडले. तेव्हा टप बदलण्याआधी आरसीवरचा बॉडी टाइपचा रकाना वाचावा, आरटीओकडे लेखी अर्ज करावा आणि विमा कंपनीला कळवावे. न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला आयते निमित्त देतो.

आणि इथेच आपल्या दैनिकाची मदत हवी आहे. त्याच कंपनीने त्याच मॉडेलसाठी बनवलेला दुसरा टप बसवणे आणि नाक्यावरच्या फायबरवाल्याकडून टब कापून टप चढवणे, या दोन्हींना आज एकाच मापाने मोजले जाते. राज्याच्या परिवहन खात्याने पहिल्या प्रकारासाठी साधी पद्धत ठरवून जाहीर करावी: भागाच्या क्रमांकासह कंपनीचे बिल, गाडीची एकदा तपासणी आणि आरसीवर दोन्ही टपांची नोंद. कंपन्यांनीही टप, रबर, बोल्ट आणि वायरिंगचा पूर्ण संच सुटा विकावा. त्याबरोबर बोल्टचे माप, क्रम आणि आवळण्याचा आकडा मराठीत छापलेला एक कागद द्यावा. तो कागद आधी गॅरेजच्या भिंतीवर लागेल, मग ग्राहकाच्या हाती पडेल. तोवर जूनमध्ये टप बदलायला येणाऱ्याला आमच्याकडून एकच उत्तर आहे: आधी खडू आणा, आहे त्या टपाचे रबर तपासू.

आपला,
टपाच्या कामाशी निगडित एक वाचक, नाशिक